रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग

हे रचून सांगत नाहीये. रचायचं असतं तर मध्यरात्र निवडली असती, वीज घालवली असती.

हे घडलं रविवारी, भर दुपारी. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी. मी तिथे होतो.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. प्रोग्राम एरर दाखवून बंद पडला तर मला बरंच वाटतं. काय दुखतंय ते तरी कळतं. भांडून गेलेला माणूस परवडतो. न सांगता उठून गेलेला

असं.

अगदी असंच व्हायचं ताईच्या मशीनवर. मध्येच. सूचना नाही, आवाज नाही. आत्ता रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडा, आणि पुढच्या क्षणी नुसता डेस्कटॉप.

"आठवडाभर हेच चाललंय," ताई म्हणाली. "उद्या सकाळी पुस्तक द्यायचंय रे. पोरांची परीक्षा तोंडावर आलीय."

ताई अंध शाळेसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. आधी हे काम दोघांचं होतं. ती माइकसमोर, भावोजी मशीनसमोर. भावोजी गेले त्याला आता वर्ष होईल. दोन्ही कामं तिच्याच गळ्यात पडली.

आतली लहान खोली. भिंतींवर जाड रजया टांगलेल्या. पंखा बंद. फ्रिजसुद्धा बंद, आणि घराची किल्ली फ्रिजमध्ये. ही भावोजींची युक्ती. किल्ली घ्यायला गेलं की फ्रिज परत चालू करायची आठवण होते.

मी मशीनसमोरच्या खुर्चीत बसलो. भावोजींच्या.

ताईने ते बघितलं.

प्रोग्राम का पडला याच्या नोंदी मशीन स्वतःच ठेवत असतं. त्या उघडल्या...

काहीच नव्हतं.

मशीनच्या मते प्रोग्राम पडलाच नव्हता. कुणीतरी तो नीट, हाताने बंद केला होता.

मग आमची नेहमीची पद्धत. एकेक गोष्ट काढत जायची. जे काढल्यावर दुखणं थांबतं, तेच दुखणं.

माइक काढला. तरी प्रोग्राम बंद पडला.

साउंड कार्डचा ड्रायव्हर नवा टाकला. बंद पडला.

नवीन युजर बनवला. बंद

शेवटी फाइल माझ्या लॅपटॉपवर घेतली. वेगळं मशीन, वेगळं सगळं.

तिथेही.

"मशीन ठीक आहे. फाइलमध्येच काहीतरी आहे," मी म्हणालो.

"म्हणजे माझ्या वाचनाने पडतोय?"

"तुझं वाचन मी लहानपणापासून सोसतोय. मी नाही पडलो, हा काय पडणार?"

त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली.

मी फाइलचे दोन तुकडे केले. एक चालला, एक पडला. पडलेल्याचे पुन्हा दोन. असं करत करत शेवटी एक चिमूटभर तुकडा उरला. त्यात ताईचा आवाजच नव्हता.

"हे रिकामं आहे गं."

"रिकामं कसं? ती खोली आहे."

तिने समजावलं. प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा आवाज असतो. म्हणून वाचनाआधी थोडा वेळ नुसती खोली रेकॉर्ड करायची. नंतर खोकला कापला, पानाची सळसळ कापली, की त्या जागी ही शांतता चिकटवायची. नाहीतर ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं.

हाच तुकडा साऱ्या पुस्तकभर चिकटवलेला होता.

"कधी केलास हा?"

"याच महिन्यात. एकटीनेच."

मी हेडफोन चढवला. आवाज पूर्ण वाढवला.

बारीक सरसर... सरसर...

आणि कुणीतरी श्वास आत घेतला.

खोल. शेवटी एक बारीक शिट्टी.

प्रोग्राम बंद.

पुन्हा लावला. पुन्हा तेच. श्वास घेतल्याचा आवाज यायचा... सोडल्याचा नाही.

"ताई, तू श्वास घेतलास का यात?"

"छे! तेव्हा श्वास रोखायचा असतो." तिने माझ्या कानांवरून हेडफोन काढून घेतला.

ती ऐकत राहिली. मला वाटलं घाबरेल. घाबरली नाही. ओळखीचं कुणी दारात दिसावं तसा तिचा चेहरा झाला.

"शिट्टी ऐकलीस?" ती हळूच म्हणाली. "दम्याची."

भावोजींना दमा होता.

"आम्ही दोघंही रोखायचो. मी 'झालं' म्हटल्याशिवाय सोडायचा नाही, असा नियम. मी मुद्दाम उशीर करायचे. हे लालबुंद व्हायचे रे, पण सोडायचे नाहीत. मग ओरडायचे, अगं, जीव घेशील एक दिवस!"

"आणि आता?"

"आता कुणाला म्हणू? एकटीच तर असते."

मी माउसकडे हात नेला.

"हा तुकडा काढून टाकू. तू नवीन शांतता रेकॉर्ड कर."

"हात लावू नकोस त्याला."

"ताई, उद्या पुस्तक द्यायचंय ना?"

ती स्टँडवरच्या उघड्या पुस्तकाकडे बघत बसली. मी वातावरण हलकं करायला म्हणालो, "मग म्हणून टाक ना एकदा, झालं."

"म्हटलं तर सोडतील ना रे," ती म्हणाली. "मग काय उरेल?"

मी उघड्या पुस्तकाकडे बोट दाखवलं.

ती उठली आणि माइकसमोर बसली. मान डोलावली. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. दोघांनीही श्वास रोखला.

स्क्रीनवर सपाट रेघ.

ताई बोलेचना. माझी छाती जळायला लागली. तिचे डोळे मिटलेले...

"अहो," ती म्हणाली. "झालं."

आणि श्वास सुटला. लांब, थकलेला. शेवटी शिट्टी.

इतका जवळून, की मला वाटलं माझाच.

पण मी अजून रोखून धरला होता.

आवाज माझ्याच खुर्चीतून आला होता.

ताईच्या शब्दांवर उसळलेली रेघ या श्वासाला मात्र हलली नाही.

त्यानंतर तोच तुकडा, तीच फाइल, तेच मशीन. पुस्तक पहिल्या धड्यापासून शेवटपर्यंत विनातक्रार चाललं. सकाळी शाळेत पोचलं. पोरांची परीक्षाही झाली.

ताई आता त्या खोलीत रेकॉर्डिंग करत नाही. "नुसती रिकामी आहे रे ती," म्हणते.

इथे संपायला हवं होतं.

पण तपासताना मी तो तुकडा माझ्या लॅपटॉपवर घेतला होता. त्या दुपारच्या आधीची प्रत. आता माझ्याकडे प्रोग्राम बंद पडतात. कुठलेही. एरर नाही, नोंद नाही. प्रत पुसली, सगळं पुसून नव्याने टाकलं. तुकडा पुन्हा तिथेच असतो. मी स्वतः मोठ्याने "झालं" म्हणून पाहिलं. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "काय झालं?"

माझं ऐकत नाहीत ते.

परवा ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग एकदम म्हणाली, "तुझ्याकडे त्या दिवशीची जुनी प्रत असेल का रे?"

हो म्हणालो तर ती तुकडा मागून घेईल. आणि या वेळी "झालं" म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. नाही म्हणालो तर ते इथेच राहतील. तसेच.

"बघून सांगतो," म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.

हे लिहितानाही दोनदा बंद पडलं. दोन्ही वेळा त्याच्या आधी, अगदी कानाशी... ती बारीक शिट्टी.

मी मागे बघत नाही. पण तेवढा वेळ, का कोण जाणे, मीही श्वास रोखून धरतो.