रिकामी कान्नोन

जपानातल्या आमच्या प्रांतीय संग्रहालयात गावोगावच्या कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या देवीच्या, लाकडी मूर्ती आहेत. कुठली कशी आली, हे पाहुण्यांना मीच सांगते. शिनोहाता गावच्या मूर्तीपाशी मात्र माझी जीभ अडखळते.

ती आली त्या साली बर्फानं गावचं देऊळ खचलं. मूर्ती सांभाळायची पाळी मोकिचीकाकांची, म्हणून ती त्यांच्या घरी होती. आम्ही ती प्रदर्शनापुरती मागितली. मूर्ती हलवण्याआधी पुजारी मंत्र म्हणून तिच्यातलं देवत्व काढून घेतात, परत आली की पुन्हा घालतात. मधल्या काळात ती नुसतं लाकूड. एरवी हा विधी देवळात व्हायचा, तो झाला काकांच्या माजघरात. पडद्याआड त्यांची बायको, तोमेकाकू, शेवटच्या घटका मोजत होत्या, याचा विचारच कुणी केला नाही.

मंत्र संपले आणि काकू उठून बसल्या.

"देवी पावली हो," मी म्हणाले. मला खरंच आनंद झाला होता.

प्रदर्शन संपत आलं तसे काका संग्रहालयात आले. "बाई, मूर्ती तुम्हीच ठेवा. कायमची. गावाला मी पटवलंय."

"काका, गावचा देव असा देतात होय कुणी?"

"परत आली तर पुजारी तिचं तिच्यात घालणार. मग माझ्या तोमेचं काय?"

मला हसू आलं नाही. पण मूर्ती हवीच होती, मी हो म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात मिठाई घेऊन त्यांच्याकडे गेले. वाटेतल्या सरोवरावर धुकं होतं. ओसरीवर शेजारणी हात जोडून बसल्या होत्या. आत काकू ताठ बसलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. समोरचा भात निवला होता. त्यांच्याकडे पाहून मला उगाच रडू आलं, आणि बरंही वाटलं.

"जेवतात का?"

"घास नाही. पूर्वी उठताबसता मला टोमणे मारायची, घोरता म्हणून, सांडता म्हणून. आता सगळ्यांकडे सारख्याच मायेनं बघते. पोस्टमनकडे, मांजराकडे. माझ्याकडेही. तेवढंच."

"मूर्ती परत पाठवू?"

"नको. मग ही जाईल."

काकांनी निवलेला भात बाजूला सरकवला.

"बाई, तुमच्याकडे मूर्तींसाठी हवा दमट ठेवतात ना? कितपत?"

"का हो?"

त्यांनी काकूंच्या मानेवरचे केस हळूच बाजूला केले. उभी, बारीक चीर होती. रक्त नव्हतं.

"शेगडी पेटवली की तडकते," काका म्हणाले.