माझ्या वजनाची वाळू

"तुमचं वजन किती?"

हे त्याचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी ग्लायडिंग क्लबच्या हँगरच्या दारात नुकतीच पोचले होते. तो ग्लायडरच्या पंखाला चिकटलेले किडे ओल्या फडक्याने पुसत होता.

"नमस्कार वगैरे म्हणायची पद्धत नाही का इथे?"

"आहे ना. पण नमस्काराने विमान जड होत नाही."

हौसेने एक फेरी मारायला आलेली पाहुणी, असा त्याचा समज झाला होता. खरं तर विमान वाहतूक खात्याकडून तपासणीला माझे साहेब येणार होते. त्यांना ताप आला म्हणून मला पाठवलं होतं. मी ओळखपत्र पुढे केलं तेव्हा त्याचे कान लाल झाले.

"सॉरी मॅडम."

"अठ्ठावन्न."

"...बूट धरून?"

"बूट धरून साठ."

हे ग्लायडर स्वतःच्या इंजिनावर उडायचं. ओढून न्यायला दुसरं विमान लागायचं नाही. त्याच्या पाठीतून एक खांब वर यायचा, त्यावर प्रोपेलर. हवी तेवढी उंची मिळाली की इंजिन बंद करायचं, खांब आत घ्यायचा आणि तरंगत उतरायचं. पण इंजिन लहान, धावपट्टी आखूड आणि तिच्या टोकाला विजेच्या तारा. दुपारच्या तापलेल्या, विरळ हवेत दोन माणसांना घेऊन ते पुरेसं झपाट्याने चढतं का, एवढंच मला मोजायचं होतं. चढलं नाही, तर इथून दोघांचं उडणं बंद. आणि तो उडायला शिकवायचा. दुसऱ्या माणसाशिवाय त्याला इथे कामच नव्हतं.

मी पुढच्या सीटवर, तो मागे. इंजिन पूर्ण जोरात, वेग एकच, सरळ रेषेत पाच मिनिटं. मिळालेली उंची मी टिपून घेतली. मग त्याने इंजिन बंद केलं. खांब आत गेला आणि इतकं शांत झालं, की काचेवरून घसरणारा वारा ऐकू यायला लागला.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही. उंची संपेपर्यंत गप्पा मारायच्या."

"कशावर?"

"तुमचे बूट दोन किलोंचे कसे, यावर."

मला हसू आलं. पुढच्या काचेत त्याचा चष्मा पुसट दिसत होता, तोही हसत असावा... नक्की सांगता येणार नाही.

आठवडाभर मोजमापं चालली. काही उड्डाणांत मी होते. काहींत मी खाली थांबले आणि माझ्या जागी माझ्याच वजनाची वाळूची पोती बांधली. इंजिन तेच, वैमानिक तोच, ऊनही तसंच. आकडे मात्र जुळेनात. मी असले की विमान दर वेळी जास्त चढायचं. त्याच वजनाचा माणूस वाळूपेक्षा हलका भरतो, असं मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

मी उड्डाणांचे मार्ग नकाशावर काढून बघितले. वाळूचे मार्ग सरळ होते. माझे सगळे किंचित डावीकडे झुकलेले, दगडाच्या खाणीवरून गेलेले.

क्लबच्या ऑफिसात मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"या खाणीवर काय आहे?"

"काळा दगड. तापतो. त्यावरची हवा वर चढते... विमानालाही उचलते." त्याने मानेवरून हात फिरवला. "सवय असते हो. ग्लायडरवाल्याचा हात आपोआप तिकडे वळतो."

"वाळू बसली होती तेव्हा सवय कुठे गेली होती?"

त्याने लॅपटॉप माझ्याकडे परत वळवला.

"आकडा वाढावा म्हणून नाही वळलो. शपथ."

"मग?"

"जास्त उंची म्हणजे... खाली यायला जास्त वेळ."

पंखा घरघरत होता. मी लॅपटॉपच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली.

"माझी सगळी उड्डाणं बाद," मी म्हणाले. "वाळूचेच आकडे धरणार."

"ते कमी पडतात."

"हो."

"वाईट वाटतंय का, जरा तरी?"

"वाटतंय. त्यासाठी अहवालात जागा नाही."

दोघांचं उडणं बंद झालं. क्लबचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे काका म्हणत, माझ्यावर अर्धा तास बरसले. तो बाजूला पंख पुसत राहिला. लांब धावपट्टीच्या दुसऱ्या एका क्लबने त्याला ग्लायडरसकट बोलावून घेतलं.

तो निघाला त्या दिवशी मी रजा टाकून गेले.

"अहवाल बदलायला आलात?"

"नाही. तो बरोबर आहे."

"माहितीये." तो सीटचे पट्टे आवळत होता. "म्हणूनच राग धरता येत नाही. प्रयत्न केला, मॅडम."

"मॅडम नको."

त्याचे हात थांबले. मी पलीकडे उभ्या असलेल्या लांबलचक, रिकाम्या ट्रेलरकडे बघितलं. ग्लायडर कुठे शेतात उतरलं तर त्याचे पंख काढून ते यात भरून आणावं लागतं, म्हणून तो रस्त्याने मागोमाग न्यायचा असतो.

"हा कोण आणतंय?"

"काका कोणाला तरी पाठवणार आहेत."

"मी आणते."

"तुला येतो ओढायला?" तू म्हटल्याचं दोघांच्याही लक्षात आलं. कोणीच दुरुस्त केलं नाही.

"सरळ रस्त्यावर येतो. मागे घेता येत नाही."

"तिथे पोचल्यावर मी घेईन."

त्याने गाडीत ठेवायला मला एक रेडिओ दिला आणि ग्लायडरमध्ये बसून काच लावून घेतली. तो तारांवरून सहज पलीकडे गेला. मी गाडी काढली. पहिल्याच वळणावर ट्रेलर हिंदकळला, मागचा ट्रक हॉर्न वाजवत सुटला आणि मी घामाघूम होऊन कडेला थांबले. वर बघितलं. इंजिन आत घेऊन तो एकाच जागी घिरट्या घालत होता.

रेडिओ खरखरला. "सावकाश ये. मी आहे इथेच."