दहावं प्रकरण

आत्याच्या बावीस वर्षांच्या धंद्यात तिच्या एकाही गिऱ्हाइकानं खंडणी भरली नव्हती. ही गोष्ट ती विचारलं तरी सांगायची आणि नाही विचारलं तरी सांगायची. कॉम्प्युटर दुरुस्त करायला बाई आली की लोक आधी जरा संशयानंच बघतात. मग ती मागचं झाकण काढते, धूळ फुंकते आणि विचारते, "बॅकअप कुठंय?" समोरचा गप्प बसला की त्याची खैर नसते. अख्खी गल्ली तिला आत्या म्हणायची आणि तिच्या तोंडाला घाबरायची.

आणि नेमका तिच्या सख्ख्या भावाच्याच घरात घोळ झाला.

मंगळवारी सकाळी दादाचा फोन आला. "अगं, सगळ्या फायलींची नावंच बदललीत. एक उघडत नाही. पडद्यावर लाल काहीतरी आलंय, चार दिवसांत पैसे भरा म्हणतंय."

"कशावर क्लिक केलंस?"

"एक मेल होता. साधाच."

"दादा, कशावर?"

"तुझ्या वहिनीला वाचनाचा पुरस्कार मिळालाय, असा मेल होता. सोबत प्रमाणपत्र. म्हटलं, ती उठायच्या आत छापून टेबलावर ठेवावं."

आत्याच्या ओठांवर आलेला शब्द तिथंच थांबला. लॉटरी लागली म्हणून कुणी लिहिलं असतं तर दादा हसला असता. बायकोचं कौतुक म्हटल्यावर गडी फसला. कौतुक होतंच तसं. आत्यालाही वहिनीचं कौतुक होतं.

"इंटरनेटची वायर काढ. कशाला हात लावू नकोस, त्या लोकांना एक अक्षर लिहू नकोस. मी आलेच."

वहिनी अंधांसाठी पुस्तकं वाचायची. एकोणीस वर्षं, रोज दुपारी तीन ते पाच, मागच्या खोलीत दार लावून, खिडकीला जाड गोधडी टांगून. दोनशे बारा पुस्तकं झाली होती. दोनशे तेरावी एका दीपगृहाच्या रखवालदाराची जाडजूड कादंबरी. तिचं नववं प्रकरण झालं आणि वहिनीच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. आता गळ्याला रुमाल आणि हातात पाटी. तिचा आवाज घरात जो काही उरला होता तो त्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि त्याला आता कुणीतरी कुलूप घातलं होतं.

आत्या पोचली तेव्हा वहिनी मागच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसली होती. पाटीवर लिहिलेलं होतं: गेलं का सगळं?

"काही गेलेलं नाही," आत्या म्हणाली. "बॅकअप आहे माझ्याकडे. मी असताना हे उपटसुंभ तुझा आवाज नेतात? हॅट!"

तिनं पडद्याचा फोटो काढला. फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारं हे रॅन्समवेअर कुठल्या जातीचं, ते शोधलं. त्याची किल्ली अजून कुणाच्या हाती लागली नव्हती. मग सरळ मार्ग. डिस्क मुळापासून पुसली, सगळी यंत्रणा नव्यानं बसवली, दादाला त्याच्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलायला लावले. इंटरनेट जोडलंच नाही. या कामात बुधवारची दुपार झाली. तिच्या पिशवीत एक बाहेरची डिस्क होती, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आत्यानं सगळी पुस्तकं स्वतः तिच्यावर उतरवून घेतली होती आणि डिस्क आपल्या घरी कपाटात ठेवली होती. कशालाही न जोडलेल्या डिस्कला कुणी कुलूप घालू शकत नाही, हे ती गल्लीतल्या प्रत्येकाला सांगून सांगून दमली होती.

संध्याकाळी सहाला फायली परत आल्या. वहिनीनं एक लावली. खोलीत तिचा आवाज भरला, भरदार आणि निवांत. मधेच थांबून ती पाणी प्यायची आणि ते कधी कापायची नाही. ऐकणाऱ्यांना ते घोटसुद्धा आवडायचे. दादा दारात उभा राहून रडला, अगदी उघड. आत्याची छाती अशी फुगली होती की ब्लाउजचं बटण तुटायचं.

"बघ," ती म्हणाली. "दमडी भरली नाही."

वहिनीनं तिचा हात घट्ट धरला. मग पडद्याकडे बोट केलं.

दोनशे तेराव्या पुस्तकात दहा फायली होत्या.

"नऊच होत्या ना?" दादा म्हणाला.

आत्यानं दहावी उघडली. वहिनीचाच आवाज. खुर्चीची करकर, पान उलटल्याचा आवाज, मधे पाणी. आत्यानं छापील पुस्तक उघडून शब्दन् शब्द ताडून पाहिला. दहावं प्रकरण, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. एका ठिकाणी छपाईची चूक होती, ती वाचताना सुधारून घेतली होती. वहिनी नेहमी तसंच करायची. पुस्तकात ठेवलेली तिची खूण अजून नवव्या प्रकरणाच्या शेवटीच होती.

"आधी वाचून ठेवलं होतंस?"

वहिनीनं मान हलवली. नाही.

फाइलची तारीख त्याच दिवसाची होती. वेळ दुपारी तीन. तीन वाजता हा कॉम्प्युटर कोरा होता, आणि डिस्क आत्याच्या पिशवीत टॉवेलात होती.

आवाजाची नक्कल करणारे प्रोग्रॅम असतात, हे आत्याला ठाऊक होतं. रात्रभर ती तेच घोकत राहिली. सकाळी येऊन तिनं मशीनचा कोपरा न् कोपरा तपासला. काही नाही. स्वच्छ, तिच्या हातचं काम. तिनं मायक्रोफोन काढून खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

गुरुवारी तीन वाजता ती मागच्या खोलीत पडद्यासमोर बसली. वहिनी पलीकडच्या खोलीत झोपली होती. दादा बाजारात गेला होता.

तीन वाजून एक मिनिटानं अकरावी फाइल दिसली. मग ती वाढू लागली. हळूहळू, एकसारखी, माणूस वाचत असावा तशी.

खोलीत कसलाच आवाज नव्हता.

आत्या उठून दारातून वाकली. वहिनी कुशीवर झोपली होती. तिचे ओठ हलत होते. उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट चादरीवर काहीतरी चिमटीत धरून उलटत होतं.

पाचला फाइल वाढायची थांबली. वहिनी उठली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच स्वतः केस विंचरून आली.

शुक्रवारी आत्या ठरवून आली. ज्या गोष्टीचं कारण सांगता येत नाही ती गिऱ्हाइकाच्या मशीनवर ठेवून उठायचं नाही, हा तिचा नियम होता. नाव त्याच नियमावर कमावलं होतं. वहिनीनं वाचलेली नऊ प्रकरणं ठेवायची, दहावं आणि अकरावं पुसायचं.

"ते तुझं नाहीये वहिनी," ती म्हणाली. "कुणाचं आहे ते मला माहीत नाही. म्हणून तर भीती वाटते."

वहिनीनं पाटीवर लिहिलं: आवाज माझा आहे. पुस्तक मी घेतलंय. पुरं करीन.

"अगं, पण तू कुठं वाचतेयस?"

वहिनीनं पाटी उलटी ठेवली आणि अकरावं प्रकरण लावलं. हनुवटी वर करून, मांडीवर हात ठेवून ती ऐकू लागली. व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसलेली बाई दिसेल तशी ती दिसत होती. दादा तिच्या मागं उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता की आत्याला त्याच्याकडे बघवेना.

रखवालदार जिना चढत होता. वाक्य अर्ध्यावर आलं आणि वाचन नेहमीसारखं पाण्यासाठी थांबलं.

आत्याचं बोट बटणावर होतं. "पुसू का गं?" ती म्हणाली.

"नको," स्पीकरमधून वहिनीचा आवाज आला. "अजून पाच प्रकरणं राहिलीत."

मग वाक्य जिथं सुटलं होतं तिथून पुढं सुरू झालं.

आत्यानं बटणावरचं बोट काढलं.

आत्यानं फाइल पाहिली. कालचीच होती. काल पाचला संपलेली. तिनं एक मिनिट मागं नेली आणि पुन्हा लावली. या वेळी ती काही विचारणार नव्हती. ओठ घट्ट मिटून बसली.

रखवालदार जिना चढला. वाचन थांबलं.

आत्या पडद्याकडे नाही, वहिनीकडे बघत होती.

स्पीकरमधून या वेळी फक्त पाण्याचा घोट ऐकू आला. वहिनीच्या गळ्यावरचा रुमाल हलला.

दुसरा घोट. रुमाल हलला.

तिसरा.

वहिनीनं हाताच्या पाठीनं ओठ पुसले. तिच्या हातात भांडं नव्हतं. ओठ ओले होते.