काकांच्या स्टुलावरून

"पळा! पाच वाजेपर्यंत ढाल सापडली नाही, तर काकांची नोकरी गेलीच म्हणून समजा!" लंबू ओरडला.

मिरची मात्र शाळेच्या फाटकाशी गप्प उभी होती. एरवी तिचं तोंड कधी बंद नसायचं, म्हणून तर हे नाव! पण आज धरणीने पोटात घेतलं असतं, तरी तिला चाललं असतं.

कारण हे सगळं तिचंच करणं होतं. सुट्टीतल्या लेखनवर्गात मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "रोज दिसणारं एखादं माणूस निवडा आणि 'मी' म्हणून त्याच्या तोंडून बोला." मिरचीने फाटकावरच्या शिपाईकाकांना निवडलं. 'मी खुशाल घोरतो. किल्ल्या खिळ्याला टांगतो. कुणीही यावं, काहीही न्यावं!' वर्ग हसून हसून लोळला. बाईंनी तो कागद सूचनाफलकावर लावला. आणि आज कपाटातली फिरती ढाल गायब! कारकूनसाहेबांनी तोच कागद सगळ्यांपुढे नाचवला. "बघा, पोरांनासुद्धा ठाऊक आहे! पाचपर्यंत ढाल मिळाली नाही, तर ह्यांना काढाच!"

"पण मी ते मनचंच लिहिलं होतं रे," मिरची पुटपुटली. "मी काकांना कधी घोरताना पाहिलंच नाही!"

"मग आता काय करायचं?"

"आता खरं लिहायचं."

ती काकांच्या स्टुलावर बसली. 'मी' एवढं लिहिलं आणि पेन अडलं. इथून कपाट दिसतच नव्हतं, दिसत होतं ते फक्त फाटक. काका शेजारीच भिंतीला टेकून उभे होते. खालमानेने तिने विचारलं, "काका, ह्या आठवड्यात इथून काय काय बाहेर गेलं?"

काकांनी फाटकाबाहेर बोट दाखवलं. मग म्हणाले, "सोमवारी कारकूनसाहेब समोरच्या बाजारात गेले. बगलेत काहीतरी होतं, बाईंच्या टेबलावरच्या हिरव्या कापडात गुंडाळलेलं. दहा मिनिटांत परत आले, तेव्हा हात रिकामे."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"मला विचारलंय कुणी? सगळे तुझा कागदच वाचत होते."

मिरचीचे कान तापले. ती उठली आणि लंबूला ओढतच पळत सुटली. बाजारातलं एक दुकान झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं नावाच्या पाट्या कोरणाऱ्याचं. त्याच्या टेबलावर हिरवं कापड!

"आलात एकदाचे!" तो म्हणाला. "विजेत्यांची नावं कोरून ढाल कधीची तयार आहे!"

पाचाला पाच मिनिटं कमी असताना ढाल मोठ्या बाईंसमोर आली. कारकूनसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरेच्चा! मीच दिली होती की! साफ विसरलो!"

बाईंनी काकांची माफी मागितली, कारकूनसाहेबांनाही मागायला लावली. मग म्हणाल्या, "आणि मिरची, शाबास! काय डोकं चालवलंस!"

ती शाबासकी मिरचीला टोचलीच. "नको, बाई," ती म्हणाली. "मी खोटं लिहिलं म्हणून हे झालं. मला फार लाज वाटते." तिने फलकावरचा कागद काढला आणि फाडून टाकला.

फाटकाशी काका वाटच बघत होते. "आता माझी पाळी," ते म्हणाले. "मी मिरची बरं का! 'मी मिरची. मला वाटतं, काका आता माझ्याशी कधी बोलणारच नाहीत.' जमलं का गं?"

मिरचीने होकारार्थी मान हलवली आणि तिला एकदम रडूच फुटलं. काकांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं.