ब्रुसेलाची प्लेट

शिवाजी पेठेतल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पाऊल टाकलं आणि बाळासोंना भरून आलं. पंचवीस वर्षांपूर्वी ते इथंच टेक्निशियन होते. तेच स्पिरिट, जंतू वाढवायच्या प्लेटींतला तोच पिकल्या द्राक्षांसारखा वास. काय दिवस होते ते!

"बाळासो, रडायचं नंतर," गुप्तहेर मृत्युंजय म्हणाला. बाळासो आता त्याचे मदतनीस होते.

लॅबप्रमुख डॉ. रुद्राणींनी हकिगत सांगितली. तीन आठवड्यांपूर्वी चंदगडच्या एका गवळ्याच्या रक्तातून प्लेटीवर ब्रुसेला उगवला. जनावरांकडून येणारा, श्वासावाटेही शिरणारा जंतू. आता त्याच तापानं टेक्निशियन भूमिका वॉर्डात पडली होती.

"अशी प्लेट काचेच्या सुरक्षा कपाटातच उघडायची असते. ती बाहेर उघडली गेली. भूमिका म्हणते, चूक माझी. उद्या तिची नोकरी जाईल. पण तेव्हा जवळ आणखी कुणी असेल, तर त्याला ताप येण्याआधी गोळ्या द्यायला हव्यात."

वॉर्डात भूमिका एवढंच म्हणाली, "माझंच चुकलं. अण्णांना काही विचारू नका."

अण्णा म्हणजे मुख्य टेक्निशियन गुंडूअण्णा. महिनाअखेरीला निवृत्त होणारे.

"अण्णा लई कडक," दुसरा टेक्निशियन सम्राट म्हणाला. "गजरा न्हाय, अत्तर न्हाय. त्या आठवड्यात मला सर्दी होती, तर प्लेटींजवळ फिरकू दिलं न्हाय. पेशंटांचं रक्त काढ म्हणाले."

"आमच्या वेळच्या मोठ्या सरांपासनं हाय ती शिस्त," बाळासो अभिमानानं म्हणाले. "स्वच्छता हो, दुसरं काय!"

अण्णांनी मान वर केली नाही. "मला काय म्हायती न्हाय."

मृत्युंजयनं लॅबची नोंदवही उघडली. गवळ्याच्या प्लेटीपुढे अण्णांचं अक्षर, सकाळी नऊ : 'नेहमीचा जंतू नव्हे.' जंतू ओळखणाऱ्या मशीनच्या कागदावर मात्र त्याच दिवशी दुपारचे बारा.

त्यानं सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं.

"सर्दीची बाधा पेशंटांना व्हायची, प्लेटीला नव्हे. मग सर्दीवाला प्लेटींनाच का चालेना? गजरा का नको? मशीनआधी तीन तास जंतूचं कसं कळलं? नाकानं! अण्णा वासावर जंतू ओळखतात, भूमिकालाही शिकवत होते. काचेच्या कपाटात नाक शिरत नाही, म्हणून प्लेट टेबलावर आली. आणि मी अण्णांचं नाव काढलंच नव्हतं, तरी पोरगी त्यांना वाचवायला बघत होती."

बाळासोंनी स्वतः इथं हजारो प्लेटी हुंगल्या होत्या. सरांनीच शिकवलेलं. त्यात चूक असेल असं कधी मनातच आलं नव्हतं.

अण्णांचे डोळे भरले. "मशीन बंद पडलं तर पोरीला कायतरी यावं, म्हणून शिकवलं. सांगायचा धीर झाला न्हाय. लाज वाटती."

"अण्णा, आधी तुमचं रक्त तपासू," रुद्राणी हळूच म्हणाल्या. "मग आजच गोळ्या."

"न्हाय. आधी पोरीची चूक न्हाय म्हणून लिवा. मग टोचा सुई."

रुद्राणींनी उभ्याउभ्या लिहून सही केली. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि मग बाही वर केली.