विचारण्याआधीचं उत्तर

नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर आकडा झळकत होता : मिनिटाला एकतीस लाख विनंत्या. बाहेर नागपूर अठ्ठेचाळीस अंशांवर तापलं होतं. उष्णतेच्या लाटेत सगळं राज्य रुग्णवाहिका आणि इस्पितळातली खाट मागत होतं, आणि प्रत्येकाला पापणी लवायच्या आत उत्तर मिळत होतं.

चारुदत्त घैसास आकड्याकडे बघत नव्हते. ते रेवती टिपणीसकडे बघत होते, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या संचालिका डॉ. उमाटे यांच्याकडे. अकरा वर्षं उमाटे बाई अशाच घैसासांच्या शेजारी उभ्या राहत. या मदत केंद्राची जुनी यंत्रणा घैसासांनी उभारलेली होती. गर्दी वाढली की ती राखीव सर्व्हर सुरू करी आणि भार वाटून देई. त्याला चाळीस सेकंद लागत. रेवती त्यांच्याच हाताखाली तयार झाली, आणि गेल्या वर्षी तिनं विचारलं होतं, “सर, लोकांनी थांबायचंच कशाला?” आज चालू होती ती नवी यंत्रणा तिची.

“मंत्रालयाला मी काय सांगू? सोपं करून सांग,” उमाटे म्हणाल्या.

“माणूस काय विचारणार हे त्याच्या आधीच्या वागण्यावरून कळतं, मॅडम. म्हणून यंत्रणा रिकाम्या वेळात उत्तर तयार करून ठेवते. त्या साठ्याला आम्ही पूर्वसंचय म्हणतो. विनंती आली की उत्तर फक्त उचलून द्यायचं.”

“सगळ्यांचाच अंदाज बांधते?”

“जो आत येईल त्याचा. रुग्ण, डॉक्टर, आपण कर्मचारीसुद्धा.”

उमाटे हसल्या. “घैसास, शिष्या पुढे गेली हो तुमची!”

घैसासही हसले. गेले कित्येक दिवस ते पूर्वसंचयाचं देखभालीचं पान उघडत, ‘सर्व पुसा’ या ओळीवर नजर ठेवत आणि पान बंद करत. साठा रिकामा झाला तर भार जुन्या यंत्रणेवर येईल. चाळीसच सेकंदांचा प्रश्न. मग उमाटे बाई आपल्याकडेच धावत येतील. त्या चाळीस सेकंदांत कुणीतरी रस्त्यावर पडलेलं असेल, हेही त्यांना ठाऊक होतं. ते तेवढा विचार मनातून बाजूला सारत.

उमाटे बाहेर गेल्या. रेवती आपल्या जागेवर जाऊन बसली. दुपारचे तीन वाजले होते, गर्दी शिगेला पोचली होती. घैसासांनी पान उघडलं आणि कळ दाबली.

‘पुसले,’ पडद्यावर तत्क्षणी उमटलं.

भिंतीवरचा आकडा मात्र हलला नाही. उत्तरं तशीच जात होती. त्यांनी घाईघाईनं नोंदी काढल्या.

विनंती : पूर्वसंचय पुसणे. विनंतीकर्ता : चा. घैसास. उत्तर तयार : एकोणीस दिवसांपूर्वी.

“पुसल्यावर काय होईल, हे मोजल्याशिवाय त्याचं उत्तर तयार होत नाही, सर.” रेवती त्यांच्या मागे येऊन उभी होती. आवाज शांत होता, पण चेहरा पांढरा पडला होता. “पुसल्यावर एकतीस लाख माणसं रिकाम्या साठ्यावर आदळणार, हे यंत्रणेनं मोजलं. म्हणून त्यांच्यासाठी तिनं दुसरा साठा भरून ठेवला.”

“तुला माहीत होतं?”

“एकोणीस दिवस.”

“मग माझे अधिकार का नाही काढून घेतलेस?”

“तुम्ही पुसाल, हा अंदाज एकसष्ट टक्केच होता. मला वाटलं, राहिलेल्या एकोणचाळीसमध्ये तुम्ही असाल.”

घैसासांना तिच्याकडे बघवेना. एकोणीस दिवस ती रोज सकाळी त्यांना विचारत आली होती, “सर, चहा घेणार?” आणि त्यांना वाटे, ही आपल्याला खिजवते आहे.

“मॅडमना सांगायला लागेल मला,” ती म्हणाली.

“थांब.”

त्यांनी घटना-अहवालाचं पान मागवलं. दोषी कर्मचाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे पाठवलं.

पडदा कोरा झाला. मधोमध एक लहानसं वर्तुळ फिरू लागलं. फिरतच राहिलं. घैसासांनी पुन्हा कळ दाबली.

“अडकलं वाटतं,” ते पुटपुटले.

“नाही सर,” रेवती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “याचं उत्तर यंत्रणेकडे तयार नाहीये.”