पंचबाईंची जोडझोप

खेळ सुरू

साताऱ्याच्या जोडनिवासात प्रत्येक खोलीत एक वृद्ध आणि एक तरुण राहायचे; ही खोली शिट्टीने जागी व्हायची.

"मुजावर, गादीवर ओला टॉवेल! दुसरी ताकीद!"

"पंचबाई, तो तुमचाच आहे."

वत्सला घोरपडे, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कबड्डीच्या निवृत्त पंच. ओरडून ओरडून आवाज कायमचा घोगरा. झैद मुजावर, बावीस वर्षांचा, परीक्षेची तयारी करणारा. त्याला खोली फुकट होती. बदल्यात तो झोप द्यायचा.

नियम

गाढ झोपेत मेंदूत संथ लहरी उठतात आणि दिवसाच्या आठवणी पक्क्या होतात. म्हातारपणी या लहरी दुबळ्या पडतात. जोडझोपेत दोन पलंगांच्या उशाशी बसवलेला पट्टा तरुण मेंदूची लय वृद्ध मेंदूला देतो, झोपाळ्याला मागून झोका द्यावा तसा. लय एकाच दिशेने वाहते: खिडकीकडच्या पलंगाकडून दाराकडच्या पलंगाकडे.

पंचबाईंना खिडकीतून समोरच्या मैदानावरचा सराव बघायचा होता. झैद म्हणाला, घ्या ही बाजू.

दोघांनी पलंगांची अदलाबदल केली. कुणालाही सांगितलं नाही.

आगळीक

"अब्बा जायच्या आधी एकदा तरी यायला हवे होते," झैद चहा ओतताना म्हणाला.

"आले होते की! मिरजेहून. हाताला तारपिनाचा वास. माझ्या कपाळावर हात ठेवला."

"तुमच्या?"

पंचबाईंनी बोटांवर दिवस मोजले. अब्बा आले त्या दिवशी त्या तर सामना बघायला कराडला गेल्या होत्या.

निवासाच्या संशोधक डॉ. सातपुते यांनी पलंग पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अहो, उलटं झोपलात! झैदचा मेंदू तुमच्या दुबळ्या लयीत अडकला. त्याचे दिवस पक्के झालेच नाहीत. सांडले, आणि लयीच्या उलट वाटेने तुमच्याकडे साचले."

"मग परत द्या त्याचे त्याला."

"तसं जमत नाही. पलंग जागेवर नेले की तुमच्याकडचं हळूहळू पुसलं जाईल. नाही नेले, तर याचे पुढचेही दिवस जातील."

"राहू दे तसेच," झैद म्हणाला. "अब्बा कुठे तरी आहेत ना."

"माझ्यात? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गोदामात?" पंचबाई उठल्या, पण पलंगाला हात लावून तशाच उभ्या राहिल्या. "मला भेटायला कुणी येत नाही रे. ती भेट मला फार आवडली होती."

मग त्यांनी शिट्टी फुंकली आणि आपला पलंग दाराकडे ढकलला.

पुढचे कित्येक दिवस त्या सांगत होत्या, झैद ऐकत होता. दाराशी चपला कशा काढल्या. खजुराची पिशवी. पुन्हा सांगा, पंचबाई. पुन्हा.

निकाल

पावसाळा सरला. झैदला आता सगळं आठवायचं: परीक्षा, पंचबाईंची भांडणं, अब्बांची भेट. ती भेट पंचबाईंना मात्र पूर्ण नवी होती. त्या दाराकडच्या पलंगावर मांडी घालून ऐकत होत्या.

"...मग अब्बांनी कपाळावर हात ठेवला. म्हणाले, मुजावर, जेवलास का?"

झैद थांबला.

अब्बा त्याला झैदू म्हणायचे. जन्मभर. आडनावाने कधीच नाही.

त्याने डोळे मिटून मनात पुन्हा ऐकलं. तारपिनाचा वास होता, हात होता. आवाज घोगरा होता.

"अरे, थांबलास काय?" पंचबाई पुढे सरकल्या. "चांगला होता रे तुझा बाप. मग? तू काय म्हणालास?"